रॅमसीसचा पुतळा हलवणारा बेल्झोनी

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तचा सम्राट दुसरा रॅमसीस याचा सव्वासात टन वजनाचा भग्न पाषाणपुतळा आहे. दाते म्हणून तेथे हेन्री सॉल्ट आणि बुर्कहार्ट यांची नोंद आहे. तो प्रत्यक्ष हलवणारा जोव्हानी बेल्झोनी मात्र दात्यांत नाही.

बेल्झोनीचा जन्म इटलीतील पादुआ येथे १७७८ मध्ये एका न्हाव्याच्या घरी झाला. साडेसहा फूट उंचीच्या या धिप्पाड तरुणाने लंडनच्या रंगमंचावर शक्तीचे प्रयोग करून पोट भरले. पाणी उपसण्याचे यंत्र विकण्यासाठी तो १८१५ मध्ये इजिप्तला गेला. सुभेदार मुहम्मद अली याने ते यंत्र स्वीकारले नाही. तेव्हा ब्रिटिश कॉन्सल सॉल्ट यांनी त्याच्यावर पुतळ्याची कामगिरी सोपवली.

१८१६ च्या भर उन्हाळ्यात, नाईलच्या पुराचे पाणी चढण्यापूर्वी, ओंडके, दोरखंड आणि स्थानिक मजुरांच्या बळावर त्याने थिबीज येथील मंदिरातून पुतळा नदीकाठी आणला. पुढे अबू सिंबेलच्या मंदिराचे वाळूत गाडलेले द्वार त्याने मोकळे केले आणि पहिल्या सेतीचे थडगे शोधून काढले. श्रेयावरून मात्र सॉल्ट यांच्याशी त्याचे बिनसले. टिंबक्टूकडे निघालेला बेल्झोनी १८२३ मध्ये पश्चिम आफ्रिकेत बेनिन परिसरात निवर्तला.

पुतळा नेण्यास परवानगी होती, पण ती उस्मानी साम्राज्याच्या अधिकाऱ्यांची. इजिप्तच्या जनतेला कोणी विचारलेच नव्हते. पुतळ्याच्या मालकीचा खरा वाद तेथूनच सुरू होतो.