रफीसाहेब : विरोध उघड, दोस्ती कायम

मुंबईत वडाळा-शिवडी भागात राहणाऱ्यांना रफी अहमद किदवई मार्ग चांगलाच माहीत असतो. पत्ता लिहिताना आपण त्याचं 'आर. ए. के. मार्ग' करून टाकतो आणि त्या तीन अक्षरांत माणूस हरवतो. सध्या निवडणुकीची हवा आहे. कोण कुणाचा माणूस, कोण आतून कुणाला मिळालेला, याच्याच गप्पा कट्ट्यावर चालू आहेत. अशा दिवसांत रफीसाहेबांचं चरित्र वाचायला हवं. ते निवडणूक हरले, जिंकले, पक्ष सोडून गेले, परतही आले. मोठमोठ्यांशी त्यांचं वाजलं. पण आपण कुणाच्या बाजूला आहोत हे त्यांनी लपवलं नाही आणि समोरच्या बाजूच्या माणसाशी बोलणं बंद केलं नाही.

जन्म १८ फेब्रुवारी १८९४ चा, उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातल्या मसौली गावचा. घराणं जमीनदारांचं. चुलते विलायत अली वकील होते आणि 'बंबूक' या टोपणनावानं मौलाना मोहम्मद अलींच्या 'कॉम्रेड'मध्ये विनोदी लेख लिहायचे. त्यांच्याच सावलीत रफी वाढले. पुढे अलीगढ, तिथून कायद्याचं शिक्षण, आणि ते अर्धवट टाकून असहकार चळवळ. तुरुंगवास झाला. बाहेर आल्यावर मोतीलाल नेहरूंचे सचिव म्हणून काम केलं. १९२६ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात निवडून गेले आणि स्वराज्य पक्षाचे प्रतोद झाले. भाषणाचं मात्र त्यांना वावडं होतं. सभा गाजवणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. माणसं ओळखणं, जोडणं आणि वेळेला उभी करणं हे त्यांचं काम.

आता १९३७ सालाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

त्या वर्षी प्रांतिक निवडणुका झाल्या. मतदारसंघ धर्मानुसार वेगळे होते. मुस्लिमांच्या राखीव जागांवर मुस्लिमच मत देणार. संयुक्त प्रांताच्या विधानसभेत एकूण २२८ जागा, त्यातल्या ६४ मुस्लिमांसाठी. काँग्रेसनं प्रांतात घवघवीत बहुमत मिळवलं, पण मुस्लिम जागा लढवल्या फक्त नऊ आणि नऊच्या नऊ गमावल्या. हरलेल्यांत रफीसाहेबही होते. म्हणजे प्रांतभर निवडणुकीची जुळवाजुळव करणारा माणूस स्वतःच बाहेर!

थोड्याच दिवसांत बहराइचची मुस्लिम जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणूक लागली. लीगचे प्रांतातले मोठे नेते होते चौधरी खलीकुज्जमां. हे आणि रफीसाहेब खिलाफत आणि स्वराज्य पक्षाच्या काळापासूनचे सोबती. खलीकुज्जमांनी ठरवलं असतं तर रफीसाहेबांना दुसऱ्यांदा पाडणं अवघड नव्हतं. पण त्यांनी लीगचा उमेदवार उभा राहू दिला नाही. काँग्रेसचा माणूस लीगच्या नेत्याच्या मदतीनं बिनविरोध निवडून आला. जिना यावर उघड नाराज झाले. रफीसाहेबांनी मदत घेतली, पण त्यासाठी काँग्रेसची टोपी उतरवली नाही. घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही एकमेकांचा पक्ष ठाऊक होता. पाठीमागून काही चाललेलं नव्हतं.

आता वाटेल की इथून पुढे सगळं गोड झालं असेल. तसं झालं नाही. काँग्रेस आणि लीग मिळून मंत्रिमंडळ बनवायची बोलणी मौलाना आझाद आणि खलीकुज्जमां यांच्यात झाली. लीगच्या आमदारांनी वेगळा गट म्हणून राहू नये, अशी काँग्रेसची अट पडली, शिवाय मंत्र्यांच्या संख्येवरून अडलं. जुलैत बोलणी फिसकटली. गोविंद वल्लभ पंतांच्या मंत्रिमंडळात मुस्लिम मंत्री आले ते रफीसाहेब आणि हाफिज मोहम्मद इब्राहिम. या हाफिजसाहेबांचं उदाहरण आज कुणी पाळेल का, देव जाणे. ते लीगच्या तिकिटावर निवडून आले होते. काँग्रेसमध्ये गेल्यावर त्यांनी आमदारकी सोडली, पुन्हा मतदारांपुढे उभे राहिले आणि पुन्हा जिंकले. पक्ष बदलला तर मतदाराला विचारून, इतका साधा हिशेब.

तीन वर्षांनी, १९४० मध्ये, लाहोरच्या अधिवेशनात मुस्लिमबहुल प्रांतांच्या स्वतंत्र राज्यांचा ठराव आला, त्याला अनुमोदन देणारे हेच खलीकुज्जमां. एका दस्तरखानावरची माणसं केवढ्या अंतरावर जाऊन पोचली! १९३७ ची ती बोलणी जमली असती तर काय झालं असतं, यावर इतिहासकार अजून भांडतात. माझ्या मते बहराइचमध्ये जे दोघांना जमलं, ते लखनौत दोन पक्षांना जमलं नाही, आणि त्याची किंमत सामान्य माणसानं भरली.

महसूलमंत्री म्हणून रफीसाहेबांनी जो कूळ कायदा आणला, तो १९३९ चा. कुळांना वारसाहक्क मिळाला, जमीनदाराच्या वेठबेगारीला आणि नजराण्यांना चाप बसला. जमीनदाराच्या घरात जन्मलेल्यानं हा कायदा आणला, हे विसरू नये. नातेवाइकांना ते आवडलं असण्याचा प्रश्नच नव्हता.

१९४७ मध्ये नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात दोनच मुस्लिम होते, मौलाना आझाद आणि रफीसाहेब. त्याच वर्षी त्यांचे सख्खे भाऊ शफी अहमद किदवई मसुरीत दंगेखोरांच्या हातून मारले गेले. ते तिथल्या नगरपालिकेचा कारभार पाहत होते. शफींच्या पत्नी अनीस किदवई दिल्लीला आल्या आणि दोन्ही धर्मांच्या उद्ध्वस्त लोकांसाठी छावण्यांत राबल्या. रफीसाहेबांच्या घरातलं दुःख हे असं होतं, आणि कार्यालयात देशाचं टपालखातं. विमानानं टपाल रात्रीतून पोचवायची योजना त्यांच्या काळातली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चार शहरांतून विमानं रात्री निघायची, आपल्या नागपुरात एकत्र यायची, टपालाच्या थैल्या अदलाबदल करून पहाटेपर्यंत परत फिरायची. १९४९ च्या सुरुवातीला हे सुरू झालं.

पुढचा अध्याय पक्षातल्या भांडणाचा. १९५० मध्ये काँग्रेस अध्यक्षपदासाठी पुरुषोत्तमदास टंडन विरुद्ध आचार्य कृपलानी अशी लढत झाली. रफीसाहेब कृपलानींच्या बाजूला. टंडन जिंकले आणि त्यांच्या अध्यक्षतेखाली आपल्या नाशिकला अधिवेशन भरलं. टंडन त्यागी आणि प्रामाणिक होते, हे विरोधकही मानत. पण अल्पसंख्याक आणि निर्वासितांच्या प्रश्नावर त्यांची दिशा रफीसाहेबांना मान्य नव्हती. त्यांनी ते आड पडद्यानं सांगितलं नाही. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर असताना, १९५१ च्या उन्हाळ्यात, ते कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षात गेले आणि जुलैत मंत्रिपदाचा राजीनामा दिला. नेहरूंनी थांबवायचा प्रयत्न केला. काही दिवस सरकारात राहून टंडनांवर जाहीर टीका असा विचित्र प्रकारही चालला. तो टिकणारा नव्हता. ऑगस्टमध्ये ते बाहेर पडले. निवडणूक जवळ आली की माणसं मंत्रिपदाकडे धावतात, हे उलट दिशेनं निघाले होते.

सप्टेंबरमध्ये टंडनांनी पद सोडलं, नेहरू अध्यक्ष झाले आणि रफीसाहेब काँग्रेसमध्ये परतले. इथे त्यांच्यावर टीका करायला जागा आहे, आणि ती करायला हवी. ज्यांना सोबत घेऊन ते बाहेर पडले होते, ती माणसं मागे राहिली. प्रजा पक्षाला लोकसभेत नऊ जागा मिळाल्या आणि खुद्द कृपलानी पडले. रफीसाहेब बहराइचमधूनच लोकसभेत गेले. त्यांचं भांडण टंडनांशी होतं, ते मिटलं म्हणून ते परतले, हे खरं. पण मागे राहिलेल्यांना ते पुरेसं वाटलं नसणार.

१९५२ मध्ये त्यांच्याकडे अन्नखातं आलं. महायुद्धापासून धान्यावर नियंत्रण होतं, रेशनच्या रांगा होत्या. देशात दिसतो तेवढा तुटवडा नाही, धान्य दडवलेलं आहे, असं त्यांचं मत पडलं. मद्रासमध्ये राजाजींनी नियंत्रण उठवायचं धाडस केलं, तेव्हा दिल्लीतून पाठीशी उभे राहिले ते रफीसाहेब. राजाजी काँग्रेसचेच, पण विचारानं दुसऱ्या टोकाचे. दोघांनी ते मध्ये येऊ दिलं नाही. मग एकेक प्रांत, एकेक धान्य मोकळं होत गेलं आणि १९५४ पर्यंत बहुतेक नियंत्रणं गेली. पाऊसपाण्यानं साथ दिली, हेही सांगायला हवं. दुष्काळ पडला असता तर याच निर्णयाबद्दल त्यांना शिव्या बसल्या असत्या.

पैशाच्या बाबतीत त्यांचा कारभार अजबच. धनिकांकडून पैसे घ्यायचे आणि गरजूंना वाटून टाकायचे. त्यात विरोधी पक्षांतले कार्यकर्ते असत, समाजवादी असत, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची माणसं असत. घेणारा आपल्याला मत देणार का, हे विचारायची सवय नव्हती. याचा चोख हिशेब कुठे नसे, आणि त्यावर लोक बोलले. आजच्या नजरेनं पाहिलं तर ते बोलणं गैर नव्हतं. काश्मीरमध्ये १९५३ ला शेख अब्दुल्लांना हटवून अटक झाली, त्यामागच्या हालचालींतही त्यांचं नाव घेतलं जातं. उघडपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या चरित्रात हे पान जरा अंधारातलंच आहे.

दमा जुना होता. २४ ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत एका सभेत बोलता बोलता त्रास सुरू झाला आणि त्याच दिवशी त्यांचा इंतकाल झाला. वय साठ. मसौलीत दफन झालं. एकुलता मुलगा लहानपणीच गेला होता. मागे राहिल्या त्या पत्नी, गावातलं मोडकळीला आलेलं घर आणि कर्ज.