पालवणकर बाळू

पालवणकर बाळू (जन्म : धारवाड, १९ मार्च १८७६, मृत्यू : मुंबई, ४ जुलै १९५५) हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे श्रेष्ठ भारतीय क्रिकेटपटू होते. डावखुरे मंदगती गोलंदाज म्हणून त्यांची ख्याती होती. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघाचे ते आधारस्तंभ ठरले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून येऊन राष्ट्रीय कीर्ती मिळविणारे ते भारतातील पहिले मोठे खेळाडू मानले जातात.

== प्रारंभिक जीवन ==

पालवणकर कुटुंब चर्मकार समाजातील असून मूळचे कोकणातील पालवण गावचे होते. वडिलांची नोकरी लष्करात असल्याने बाळूंचे बालपण पुण्यात गेले. तेथील पारशी क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे व तिच्यावर रूळ फिरविणे हे काम ते दरमहा ३ रुपयांवर करीत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर रुजू झाले. तेथे साहेब मंडळींना सरावासाठी चेंडू टाकताना त्यांची गोलंदाजी घडली. त्या काळचे नामांकित फलंदाज जे. जी. ग्रेग आपल्याला बाद केल्याबद्दल त्यांना दर वेळी ८ आणे देत, असे सांगितले जाते. मात्र फलंदाजीची संधी त्यांना तेथे मिळत नसे.

पुण्यातील हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले ते बऱ्याच वादानंतर. मैदानावर सहकारी त्यांच्या हातून चेंडू घेत. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. प्लेगच्या साथीच्या काळात, १८९६ च्या सुमारास, ते मुंबईस आले व हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. शिवराम, गणपत व विठ्ठल हे त्यांचे धाकटे बंधूही नामवंत क्रिकेटपटू झाले.

== १९११ चा इंग्लंड दौरा ==

यापूर्वी १८८६ व १८८८ साली पारशी संघ इंग्लंडला जाऊन आले होते. १९११ च्या संघात मात्र पारशी, हिंदू, मुस्लिम व शीख असे सर्व धर्मांचे खेळाडू होते. पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग कर्णधार होते. परंतु पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या समारंभांत व्यग्र असल्याने ते फारच थोडे सामने खेळले. अनुभवी फलंदाज के. एम. मिस्त्री हेही महाराजांच्या सेवेत असल्याने संघाला क्वचितच लाभले.

आरंभी संघाला पराभवामागून पराभव पत्करावे लागले. जुलै महिन्यात लेस्टरशायरविरुद्ध पहिला प्रथम श्रेणी विजय मिळाला. त्या सामन्यात बाळूंनी ११ बळी घेतले. पाठोपाठ टाँटन येथे सॉमरसेटवर एका गड्याने निसटता विजय मिळाला. त्यात शिवराम यांचे नाबाद शतक निर्णायक ठरले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध बाळूंनी एका डावात १०३ धावांत ८ बळी टिपले होते.

दौऱ्यातील १४ प्रथम श्रेणी सामन्यांपैकी संघाने २ जिंकले व १० गमावले. अशा संघात ३५ वर्षांच्या बाळूंनी प्रथम श्रेणी सामन्यांत ७५ आणि सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. एकूण बळींमागे त्यांची सरासरी १८.८४ धावा होती. परतल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला.

== कर्णधारपदाचा प्रश्न ==

एवढी कामगिरी असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच देण्यात आले नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत त्यांना संघातून वगळले गेले, तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनी निषेध म्हणून माघार घेतली. पुढे तडजोड होऊन अंतिम सामन्यासाठी बाळू उपकर्णधार झाले. कर्णधार एम. डी. पै मैदानाबाहेर असताना काही काळ संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९२३ साली विठ्ठल यांना कर्णधारपद मिळाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने स्पर्धा जिंकली.

== सार्वजनिक जीवन ==

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात उतरले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्यांच्याविषयी तरुणपणापासून आदर होता. तथापि स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर दोघांची मते भिन्न होती. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंचीही स्वाक्षरी आहे. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व सुमारे २ हजार मतांनी पराभूत झाले.

भारताला कसोटी सामन्यांचा दर्जा १९३२ साली मिळाला. बाळूंचा उमेदीचा काळ त्यापूर्वीच संपला होता, त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव आढळत नाही.