गुरांसाठी बायसन हाकलले, नंतर तेच सांभाळले : टेक्सासच्या चार्ल्स गुडनाईटची गोष्ट

१८६५ साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, तेव्हा टेक्सासमध्ये माणसांपेक्षा गुरं जास्त होती. पण विचारतो कोण? रेल्वे लांब, गिऱ्हाईक तुटलेलं. इथे चार डॉलरचं जनावर उत्तरेत चाळीसला जायचं.

बरेच गुरंवाले कळप घेऊन उत्तरेला निघाले. तिशीतल्या चार्ल्स गुडनाईटने मात्र पश्चिमेची वाट धरली. जेमतेम सहा महिने शाळा शिकलेला गडी, पण हिशेब पक्का. तिकडे लष्करी छावण्या होत्या, खाणी होत्या आणि स्पर्धा जवळपास नव्हतीच.

१८६६ मध्ये ऑलिव्हर लव्हिंगला भागीदार घेऊन तो सुमारे दोन हजार गुरं घेऊन निघाला. मधला मोठा पट्टा बिनपाण्याचा. तहानेने शेकडो जनावरं गेली. उरलेल्यांनी पेकोस नदीचा वास येताच धाव घेतली आणि त्यातलीही कित्येक बुडाली. तरी फोर्ट समनरला सौदा नफ्यात झाला.

या प्रवासासाठी त्याने लष्कराची जुनी गाडी घेऊन मागच्या बाजूला खणांचं लाकडी कपाट ठोकलं. त्याचं दार खाली पाडलं की ओटा तयार. हीच ती 'चकवॅगन'. गुराख्यांना वेळेवर जेवण मिळालं की कळप पुढे सरकतो, एवढं साधं गणित होतं.

१८७३ च्या मंदीत तो जवळपास बुडाला. १८७६ मध्ये त्याने गुरं पालो ड्युरो दरीत उतरवली. उंच कडे हेच कुंपण, खाली पाणी, हिवाळ्यात वाऱ्यापासून आडोसा. जॉन अडेअर या श्रीमंत भागीदाराचा पैसा आला. काटक पण हाडकुळ्या लाँगहॉर्नवर त्याने हेरफर्डसारख्या जातींचे वळू सोडले, म्हणजे जनावर चिवट राहावं आणि अंगावर मांसही धरावं. भरभराटीच्या काळात रँच १३ लाख एकरांवर गेली, गुरं एक लाखाच्या घरात.

पण ती दरी रिकामी नव्हती, रिकामी करून घेतली होती. दोनच वर्षांपूर्वी लष्कराने तिथल्या कोमांची आणि इतर टोळ्यांच्या वस्त्या जाळून हजाराहून जास्त घोडे गोळ्या घालून मारले होते. गुरांना गवत पुरावं म्हणून गुडनाईटनेही दरीतले बायसन हाकलले. १८७८ मध्ये क्वाना पार्करची माणसं शिकारीला आली, तर बायसनच उरले नव्हते. गुडनाईटने त्यांना खायला गुरं देऊन तंटा टाळला.

त्याच सुमारास बायको मेरी अ‍ॅनने त्याच्यामागे लकडा लावला. शिकाऱ्यांनी आया मारलेली बायसनची वासरं मरायला सोडून कसं चालेल? मग काही वासरं पकडून वाढवली. बायसनचा चिवटपणा गायीत आणायचा म्हणून त्याने संकरही करून पाहिला, पण नर वांझ निघत, गर्भ टिकत नसत. तो बेत फसला. कळप मात्र टिकला.

१९२९ मध्ये, ९३ व्या वर्षी गुडनाईट वारला. त्या वासरांचे वंशज आज टेक्सासच्या कॅप्रॉक कॅन्यन्स उद्यानात चरतात.