राघोबादादांचा सौदा

२०१३ साली अमेरिकेतल्या ब्रुकलिन नेट्स या बास्केटबॉल संघाने बॉस्टनकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स हे दोन दिग्गज घेतले. दोघंही पस्तिशीच्या पुढचे. आत्ताच्या आत्ता जिंकायचंय म्हणून नेट्सनी २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीत नवे खेळाडू निवडायचे हक्क देऊन टाकले, वर २०१७ ला हक्कांची अदलाबदल करायची मुभाही दिली. नेट्सना अजिंक्यपद काही मिळालं नाही. त्याच हक्कांच्या जोरावर बॉस्टनकडे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम आले आणि २०२४ मध्ये बॉस्टन जिंकलं. होस्टेलवर यावरून वाद पेटला की पोरं आकडे काढतात. मला मात्र राघोबादादा पेशवे आठवतात.

त्याला कारण आहे. मी पिंपळगाव बसवंतचा. आमच्याकडून आग्रा रोडने चांदवडकडे निघालं, की डाव्या हाताला डोंगररांगेत कातळाच्या भिंतीला खाच पडलेला एक किल्ला दिसतो. तो धोडप. १७६८ च्या जूनमध्ये थोरल्या माधवरावांनी आपल्या या चुलत्याला तिथे हरवून कैद केलं.

राघोबादादा म्हटलं की लोकांना फक्त 'ध'चा 'मा' आठवतो. पण हा माणूस लेचापेचा नव्हता. पहिल्या बाजीरावांचा हा मुलगा, जन्म १७३४ चा. १७५७ मध्ये दिल्लीत आणि १७५८ च्या एप्रिलमध्ये लाहोरात मराठी फौज शिरली ती यांच्याच नेतृत्वाखाली. अटकेपार झेंडे हा वाक्प्रचार आपण उगाच वापरत नाही. मोहिमेवरून परतताना डोक्यावर कर्ज होतं, हेही खरं. मैदान मारायचं, हिशेब मागून कोणीतरी बघेल, असा एकूण स्वभाव.

पानिपतानंतर १७६१ मध्ये नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांचा पुतण्या पेशवा झाला. दादांना कारभार स्वतःच्या हातात हवा होता. १७६२ मध्ये त्यांनी चक्क निजामाची मदत घेतली, आणि दोनच वर्षांपूर्वी उदगीरला सदाशिवरावभाऊंनी मिळवलेला मुलूख, दौलताबादसकट, त्याला परत द्यायचं कबूल केलं. आळेगावला माधवरावांनी काय केलं? लढत बसले असते तर दौलत दुभंगली असती. म्हणून ते सरळ चुलत्याच्या स्वाधीन झाले. आजचा डाव सोडला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७६३ मध्ये, राक्षसभुवनला निजामाचा सडकून पराभव झाला आणि त्यात माधवरावांची कामगिरी अशी, की कारभार आपोआप त्यांच्याकडे आला. माझ्या मते अख्ख्या पेशवाईतला हा सर्वात हुशार सौदा, आणि तो करणारा पोरगा आपल्या सेकंड इयरच्या मुलांहूनही लहान होता!

माधवराव १७७२ मध्ये वारले. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, रामशास्त्र्यांनी दादांना दोषी धरलं, तरी पेशवेपद दादांकडेच आलं. ते टिकलं नाही. बारभाईंनी नारायणरावांच्या तान्ह्या मुलाला गादीवर बसवलं आणि दादा पळत पळत सुरतेला इंग्रजांच्या दारात पोचले.

मार्च १७७५. सुरतेचा तह. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची. बदल्यात खर्चापोटी दरमहा दीड लाख रुपये, तारण म्हणून सहा लाखांचे जवाहिर, आणि कायमची साष्टी नि वसई. आता ही वसई कोणी जिंकली होती? दादांच्याच काकांनी, चिमाजीअप्पांनी. दोन वर्षांची मोहीम, हजारो माणसं कापली गेली, तेव्हा १७३९ च्या मे महिन्यात किल्ला हाती आला. दादा तेव्हा पाच वर्षांचेही नव्हते.

भविष्य विकून आज जिंकणं दरवेळी चूकच असतं, असं मी म्हणणार नाही. कधीकधी आज तगलं नाही तर उद्या उरतच नाही. द्राक्षबागेत आमच्याकडे हे रोजचं गणित आहे. कर्जाचा हप्ता तोंडावर आला की माणूस वेलीवर घड जास्त ठेवतो. पुढच्या हंगामात काडी कमजोर निघणार हे माहीत असूनही ठेवतो. पण ती बाग त्याची स्वतःची असते, नुकसानही तोच सोसतो. दादांनी दिलं ते काकांनी कमावलेलं, आणि भरणार होती पुढची पिढी. नेट्सच्या व्यवहारातसुद्धा हाच भाग मला खुपतो. हक्क देणारे आणि पुढची रिकामी वर्षं काढणारे खेळाडू वेगळेच होते.

बरं, एवढं देऊन मिळालं काय? कलकत्त्याच्या इंग्रजांनी सुरतेचा तहच अमान्य केला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज शरण आले आणि दादा महादजी शिंद्यांच्या हाती सापडले. तिथूनही निसटले, परत सुरत! शेवटी १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. दादांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक आणि राहायला कोपरगाव. ११ डिसेंबर १७८३ ला ते तिथेच गेले.

सुरतेचा तह झाला तेव्हा त्यांचा मुलगा दोन महिन्यांचा होता. तोच पुढे दुसरा बाजीराव. होळकरांनी पुण्यातून पळवून लावल्यावर गादी परत मिळावी म्हणून त्यानेही इंग्रजांशीच तह केला, ३१ डिसेंबर १८०२ ला. ठिकाण वसई.