राजनांदगावची वाट : रेव्हरंड नारायण वामन टिळक

नागपूरहून पूर्वेकडे निघालेला लोहमार्ग गोंदिया ओलांडतो, दरेकशाच्या रानातून डोंगर फोडून पलीकडे जातो आणि डोंगरगड मागे टाकून राजनांदगावला पोहोचतो. तेथून पुढे दुर्ग आणि दुर्गला लागूनच भिलाई. भिलाईचे आजचे रूप पोलादाच्या कारखान्याने घडविले. 1955 साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि 1959 च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली. तत्पूर्वीची भिलाई म्हणजे छत्तीसगडच्या भातखाचरांतील एक खेडे होते. परंतु कारखान्याच्या साठ वर्षे आधी याच लोहमार्गावर मराठी काव्याच्या आणि मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाला वळण देणारी एक घटना घडली होती. तिची खूण तेथे कोणत्याही शिलेवर कोरलेली नसली, तरी टिळकांच्या चरित्राचा आरंभ जन्मापासून न करता या प्रवासापासून करणेच अधिक न्याय्य ठरेल.

साल 1893. मधल्या वर्गाच्या डब्यात तिशी ओलांडलेला एक ब्राह्मण प्रवासी बसला होता. नागपुरात अप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम त्याने केले होते. ते संपले आणि आता राजनांदगाव संस्थानात नोकरीच्या शोधात तो निघाला होता. डब्यात एक युरोपीय गृहस्थ चढला. गोऱ्या माणसाच्या ठायी सहसा न आढळणाऱ्या सौजन्याने त्याने संभाषणास प्रारंभ केला, संस्कृत काव्याविषयी आस्था दाखविली आणि हळूहळू बोलणे धर्माकडे वळविले. निरोप घेताना नव्या कराराची एक प्रत त्याने या प्रवाशाच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. हा गृहस्थ म्हणजे फ्री मेथडिस्ट पंथाचा मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड होय, असे चरित्रकार नमूद करतात. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले असल्यास नवल नाही. पुस्तक मात्र वाचण्याचे वचन त्यांनी दिले होते आणि ते पाळले.

या माणसाची पूर्वपीठिका ध्यानी घेतल्यावाचून त्या वाचनाचा परिणाम उलगडत नाही. नारायण वामन टिळक यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील सरकारी नोकरीत, स्वभावाने कठोर. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. तिच्या अकाली मृत्यूनंतर हा मुलगा घर सोडून बाहेर पडला आणि नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. लग्न जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी झाले, तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक. संसार मांडला, पण स्थैर्य आले नाही. शिक्षकी, पुराण, कीर्तन, लेखन असे नाना उद्योग त्यांनी केले; गावे बदलली, नोकऱ्या सोडल्या, मिळालेला पैसा भेटेल त्याला देऊन टाकला. या उदारपणाची किंमत बहुधा पत्नीला मोजावी लागे, हे कोणत्याही प्रामाणिक चरित्रलेखनाला दडवता येणार नाही.

या भटकंतीत एक प्रश्न मात्र त्यांच्या मनात ठाण मांडून बसला होता. जातिभेदाने जखडलेला हा देश उठणार कसा? नागपुरास येईपर्यंत त्यांच्यापुरते उत्तर बरेचसे तयार झाले होते. ईश्वर सर्वांचा पिता आणि माणसे परस्परांची भावंडे, यावर उभा राहील असा एक नवा धर्म आपणच सिद्ध करावा, असे मनोरथ ते रचीत होते. अशा मन:स्थितीत त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचन वाचले. जे आपण शोधीत होतो ते येथे आधीच सांगितलेले आहे, असा अनुभव त्यांना आला आणि पुस्तक खाली ठेववेना.

राजनांदगावात त्यांना संस्थानची नोकरी मिळाली. हे संस्थान बैरागी महंतांचे. गुरूमागून शिष्याने गादीवर यावे, अशी तेथील जुनी परंपरा होती. एका वैष्णव संस्थानाच्या चाकरीत राहून हा पंडित बायबल वाचू लागला, आणि मुंबईच्या एका ख्रिस्ती नियतकालिकाशी टोपणनावाने पत्रव्यवहारही करू लागला. कुजबुज सुरू झाली. लोकप्रियता ओसरली. लक्ष्मीबाईंच्या ध्यानात काय चालले आहे ते आले, तेव्हा त्यांच्या पायांखालची जमीनच सरकली. त्या काळी धर्मांतर हा एका व्यक्तीच्या विवेकाचा प्रश्न राहत नसे. नवरा बाटला की बायको जिवंतपणी विधवा होई आणि मुलाचे गोत्र संशयात पडे. टिळक कित्येक महिने अडखळत राहिले ते भयापोटी नव्हे, तर या जाणिवेपोटी.

अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आगगाडीतील भाकिताची मुदत जेमतेम पाळली गेली होती. रेव्हरंड जस्टिन अब्बट यांचा आधार त्यांना होता. मराठी संतचरित्रे इंग्रजीत नेणारे विद्वान ते हेच. तथापि बाप्तिस्मा भारतीय पाळकाच्या हातून व्हावा, असा टिळकांचा आग्रह होता आणि तो मानला गेला. तो केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हता. ख्रिस्ताकडे जाताना आपण देश सोडीत नाही, हे त्यांना पहिल्याच पावलाला सांगावयाचे होते.

लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाला गेल्या. जवळजवळ पाच वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. पुढे त्या पतीकडे परतल्या त्या धर्म बदलून नव्हे; सोवळेओवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी हे सारे त्यांनी बरोबर आणले आणि टिळकांनीही त्यास हरकत घेतली नाही. उपदेशापेक्षा वाट पाहणे त्यांनी पत्करले. एरवी उतावळ्या असलेल्या या माणसाच्या आयुष्यातील हा सर्वांत संयमी अध्याय असावा. लक्ष्मीबाईंच्या मनातील जातीची गाठ सुटली ती त्यांच्या स्वत:च्या विचाराने. जाती देवाने केल्या नाहीत, माणसांनी केल्या, असे एके दिवशी त्यांना मनोमन पटले आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे पाणी त्यांना वर्ज्य राहिले नाही. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्या काळी दुष्काळाने मुलखाची दैना केली होती आणि प्लेगही घरोघर बळी घेत होता. टिळकांच्या घरात अनाथ पोरांची भर पडत होती. सामाजिक न्यायाचे प्रकरण या दांपत्याच्या बाबतीत ताटाला ताट लावून जेवण्यापासून सुरू होते, हे विसरून चालणार नाही.

अहमदनगर ही पुढे टिळकांची कर्मभूमी झाली. धर्मशिक्षणाच्या शाळेत अध्यापन, 1904 साली पाळकपदाची दीक्षा, 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन, ही कामे त्यांनी केली. परंतु त्यांचे खरे कर्तृत्व प्रार्थनेच्या भाषेत आहे. तोवर मराठी मंडळ्यांतून गायिली जाणारी पुष्कळशी गीते इंग्रजी चालींच्या साच्यात कशीबशी बसविलेली असत. शब्द मराठी असले तरी त्यांतून मराठी मन बोलत नसे. टिळकांनी उपासनेत अभंग आणला, ओवी आणली, भजनाची चाल आणली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानीत आणि तो ऋणनिर्देश कधी चुकवीत नसत. 'उपासना संगीत' या संग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते समाविष्ट झाली. काँग्रिगेशनल असो, मेथडिस्ट असो की अँग्लिकन, मराठी मंडळी जमली की पंथांच्या भिंती ओलांडून ही गीते गायिली जातात. एका मेथडिस्ट प्रचारकाने दिलेल्या पुस्तकाची परतफेड अशा रीतीने, कोणी न मागता, झाली.

फुलांमुलांचे कवी हे बिरुद त्यांना मिळाले ते सार्थच आहे, पण त्यातील हळुवारपणावर बोट ठेवून थांबणे अपुरे होय. टिळकांच्या दृष्टीने सृष्टी ही ईश्वराच्या पितृत्वाची साक्ष होती. म्हणून रानात कोणी न पाहिलेले फूल आणि पंखात गोळी शिरलेली पक्षीण ही दोन्ही त्यांच्या काव्यात हक्काने वावरतात. 'केवढे हे क्रौर्य' ही कविता मराठी शाळांतून पिढ्यान्पिढ्या शिकविली गेली. मरणाच्या दारी असलेल्या त्या पक्षिणीची चिंता स्वत:साठी नसून पिलांसाठी आहे, आणि पारध्याचा तो खेळ अन्याय ठरतो तो याच कारणाने. माणसांवरील जुलूम आणि मुक्या जिवांवरील जुलूम ही एकाच हृदयशून्यतेची दोन रूपे आहेत, ही जाण पर्यावरणाचा शब्दही मराठीत रुळलेला नव्हता तेव्हाची आहे. जळगावला 1907 साली कविसंमेलन भरले. तेथे भेटलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुणाला टिळकांनी आपल्या घरी आणून ठेवले, ते बालकवी होत. बालकवी हिंदूच राहिले आणि त्या घरात त्यांना कोणी धर्माविषयी छेडले नाही.

मिशनशी टिळकांचे नाते मात्र दिवसेंदिवस ताणले गेले. परकीय पैशावर उभी असलेली मंडळी स्वतःच्या पायांवर कधी चालणार, आणि वेतन घेणाऱ्या पाळकाच्या शब्दाला हिंदू समाज किती किंमत देणार, हे प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईनात. असा पेच त्यांच्या आधीही एकाला पडला होता. याच अमेरिकन मराठी मिशनमध्ये 1848 साली आलेले जॉर्ज बोवेन यांनी अल्पावधीतच पगार नाकारून मुंबईतील गरीब वस्तीत बिऱ्हाड केले होते. पुढे ते मेथडिस्ट पंथात गेले. बोवेन एकाकी होते, टिळकांना कुटुंब होते. तरीही 1917 साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून समान स्थान होते. चर्चच्या शिस्तीला हे रुचणारे नव्हते. आपण हिंदूंना फार जवळ आणि मिशनला फार दूर जात आहोत, असा आरोप त्यांनी शांतपणे सोसला. प्रयोगाला वेळ मात्र मिळाला नाही. प्रकृती ढासळली आणि 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही.

'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र त्यांनी आरंभले होते. त्याचे दहा-अकरा अध्यायच लिहून झाले होते. उरलेले काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ज्या बाईला राजनांदगावात नवऱ्याच्या हातातील ते पुस्तक वैरी वाटले होते, तिने त्याच पुस्तकातील कथेवर चौसष्ट अध्याय रचले. 1936 साली त्या वारल्या तेव्हा शेवटचा भाग राहिला होता. तो मुलगा देवदत्त यांनी पुरा केला आणि 1938 साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.