गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर

गणितशास्त्राच्या इतिहासांत ज्यांचीं नांवें अग्रभागीं शोभतात, त्यांत लेओनार्ड ऑयलर याची गणना होते. त्याचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजीं स्वित्झर्लंडमधील बाझल या नगरांत झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते व मुलानेंही तोच मार्ग पत्करावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु प्रसिद्ध गणिती योहान बर्नुली यांनीं मुलाची बुद्धि ओळखली, आणि त्यांच्या सांगण्यावरून वडिलांनीं त्यास गणिताच्या अभ्यासास संमति दिली. १७२७ सालीं तो रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथील विद्वत्परिषदेंत दाखल झाला.

तेथें त्याच्यापुढें एक जुना प्रश्न आला. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ ही मालिका पाहा. हींतील कोणत्याही संख्येंतून १ वजा करून बाकीचा वर्ग करावा व त्यांत १ मिळवावा, म्हणजे पुढील संख्या येते. या पांचही संख्या मूळ आहेत. म्हणजे १ व ती संख्या स्वतः यांखेरीज तिला दुसरा भाजक नाहीं. फ्रान्समधील थोर गणिती पिएर फर्मा यानें १६४० च्या सुमारास असें मत दिलें होतें कीं, ही मालिका कितीही वाढविली तरी तींतील प्रत्येक संख्या मूळच असेल. सिद्धता मात्र त्यास देतां आली नव्हती. १७२९ सालीं गोल्डबाख या विद्वानानें पत्र लिहून ऑयलरचें लक्ष या मताकडे वेधलें.

मालिकेंतील सहावी संख्या ४,२९,४९,६७,२९७ ही होय. ती मूळ आहे कीं संयुक्त, हें सरळ मार्गानें ठरवूं जातां ६,५४२ मूळ संख्यांनीं तिला एकेक करून भागून पाहावें लागेल! १७३२ सालीं, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षीं, ऑयलरनें जाहीर केलें कीं ही संख्या संयुक्त असून तिला ६४१ नें निःशेष भाग जातो. यामागील तत्त्व त्यानें पुढें सिद्ध केलें. या संख्येचा कोणताही भाजक घेतला, तरी त्यास ६४ नें भागल्यास बाकी १ च उरली पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ या होत. पहिल्या चारांनीं भाग जात नाहीं. पांचवीनें जातो, व भागाकार ६७,००,४१७ येतो. विद्यार्थ्यांनीं हा गुणाकार स्वतः करून पाहावा.

यामुळें फर्माची थोरवी उणी झाली नाहीं. त्याचीं इतर कित्येक विधानें ऑयलरनेंच सिद्ध करून दिलीं. परंतु मोठ्याचा शब्द झाला तरी तो सिद्धतेच्या जागीं चालत नाहीं, हें मात्र सर्वांस कळून आलें. ६५,५३७ च्या पुढें या मालिकेंत आजवर एकही मूळ संख्या सांपडलेली नाहीं.

ऑयलरच्या नशिबीं मोठें संकट होतें. १७३८ च्या सुमारास त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टि गेली. १७४१ पासून पंचवीस वर्षें बर्लिन येथें काम करून १७६६ सालीं तो रशियांत परतला. तेव्हां मोतीबिंदूनें डावा डोळाही निकामी होऊं लागला, आणि शस्त्रक्रियेचाही अखेर उपयोग झाला नाहीं. १७७१ सालीं त्याचें घर आगींत भस्म झालें. एका देशबांधवानें त्यास बाहेर काढलें म्हणून तो वांचला. तथापि त्याचें काम थांबलें नाहीं. मोठमोठे हिशेब तो मनांतल्या मनांत करी, व त्याचे मुलगे आणि सहायक तें उतरून घेत. १७७२ सालीं, दृष्टि गेलेली असतांही, २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ असल्याचें त्यानें कळविलें.

१८ सप्टेंबर १७८३ रोजीं सेंट पीटर्सबर्ग येथें त्याचा अंत झाला. नवीनच शोध लागलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेचा विचार त्या दिवशींही चालू होता. विद्यार्थिमित्रहो, पुस्तकांतील उत्तर पाहण्यापूर्वीं स्वतः पडताळा घेण्याची संवय ऑयलरनें तरुणपणीं लावून घेतली होती. डोळ्यांनीं दगा दिल्यावर तीच त्याच्या उपयोगी पडली.