सर विल्यम क्रुक्स

विल्यम क्रुक्स यांचा जन्म १८३२ साली लंडन येथे एका शिंप्याच्या घरी झाला. १८६१ मध्ये वर्णपटातील एका हिरव्या रेषेवरून त्यांनी थॅलियम हे मूलद्रव्य शोधले. १९०३ साली, वयाच्या सत्तरीत, त्यांच्या हातून थोडे रेडियम झिंक सल्फाइडच्या पडद्यावर सांडले. भिंगातून पाहता एकेका कणाची वेगळी ठिणगी दिसली. कण मोजता आले, त्यांची ऊर्जा मात्र नाही. १९१९ साली क्रुक्स वारले. पुढे अमेरिकेतील यहुदी शास्त्रज्ञ रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात किंचित थॅलियम मिसळून दाखविले, की प्रकाशावरून ऊर्जा मोजता येते. जपानमध्ये कण एकमेकांवर आदळविण्याच्या बेल प्रयोगात थॅलियमयुक्त सीझियम आयोडाइडचे ८७३६ स्फटिक बसविले गेले. क्रुक्स यांचे दोन शोध असे एकत्र आले. त्यांना ते पाहावयास मिळाले नाही. आम्हा शिक्षकांना हे चरित्र म्हणूनच जवळचे वाटते.